दीडशे पानांत काहीच न घडणारी रहस्यकादंबरी कशी वाचावी?

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीला महिन्यातून एकदा भरणाऱ्या त्यांच्या वाचनगटाने या खेपेस एक इंग्रजी ऐतिहासिक रहस्यकादंबरी निवडली. स्थळ लंडन, काळ १८९०च्या आसपासचा. गोदीजवळच्या एका गोदामाला रात्री आग लागते आणि आत एक माणूस मरतो. विमा कंपनीचा एक कारकून तपासाला जातो आणि शेजारच्या छापखान्यात नकाशे छापणाऱ्या कारागिराशी त्याची ओळख होते. दोन पुरुषांमधली ही ओळख प्रेमाकडे जाणार, हे मलपृष्ठावरच सांगून टाकले आहे. मात्र दीडशे पाने संपली तरी आगीचा उलगडा नाही आणि ते दोघेही एकमेकांशी कामापलीकडचे काही बोललेले नाहीत. गटातल्या एका ज्येष्ठ सभासदांच्या मते ही प्रेमकथा हल्लीच्या फॅशनपायी घुसडली आहे. ती काढून टाकली, तर रहस्य भरभर पुढे सरकेल. तरुण मंडळींचे म्हणणे नेमके उलटे, की आग हे नुसते निमित्त आहे आणि खरी गोष्ट त्या दोघांची. आता पुस्तक पुढे वाचावे का, वाचायचे तर कसे, आणि त्यातल्या इतिहासावर कितपत विसंबावे, असे त्यांनी विचारले आहे.

ऐतिहासिक कादंबऱ्यांचे संपादन हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे आणि ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनमंडळात अशी पुस्तके मी इतरांबरोबर वाचतही आले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पुस्तक जरूर वाचा; परंतु ‘आता काय होणार’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कोणाला काय ठाऊक आहे, आणि ते कोणाला कळता कामा नये’ हा प्रश्न हाती धरून वाचा. ज्या काळात दोन पुरुषांमधले प्रेम हाच फौजदारी गुन्हा होता, त्या काळात प्रेमात पडलेली माणसे काहीही वाईट न करता गुन्हेगारासारखी वागू लागतात. ती निरोप तिसऱ्याच्या हाती पाठवतात, पत्ता खोटा देतात, पत्र वाचून झाले की जाळतात, एकाच वाटेने दोनदा जात नाहीत. तपास करणारा माणूस नेमका याच वागण्याचा माग काढत असतो. त्यामुळे चांगल्या कादंबरीत प्रेमाचे गुपित आणि गुन्ह्याचे गुपित ही एकमेकांत अशी गुंतलेली असतात, की एकाला हात लावला की दुसरे हलते. वाचकाला संथ वाटणारी पाने बहुधा या गुंत्याची असतात.

ज्येष्ठ सभासदांचा निष्कर्ष मला पटत नाही, पण त्यांची कसोटी मला शंभर टक्के मान्य आहे. प्रेमकथा काढून पाहावी आणि रहस्य उभे राहते का, हे तपासावे. संपादनाच्या टेबलावर आम्ही हेच करतो. रहस्य जसेच्या तसे उभे राहिले, तर प्रेमकथा चिकटवलेली आहे, मग ती स्त्री-पुरुषाची असो वा दोन पुरुषांची. आणि अशी चिकटवलेली प्रकरणे मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांत आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो आहोत, तेव्हा ही तक्रार फक्त याच पुस्तकाबद्दल करणे बरे नाही. तुम्ही कळवलेल्या कथानकावरून मात्र मला वेगळेच दिसते. आग लागली त्या रात्री नकाशे छापणारा कारागीर कुठे होता, हे तो सांगत नाही आणि सगळा संशय त्याच्यावर येतो. समजा, तो त्या रात्री एखाद्या पुरुषाबरोबर होता. मग खरे सांगितले, तर खुनाच्या आरोपातून सुटका होईल, पण त्या खऱ्यापायीच तुरुंगात जावे लागेल, आणि दुसराही बरोबर जाईल. निर्दोष असल्याचा पुरावा हाच गुन्ह्याचा पुरावा ठरणे, हा पेच या प्रकारच्या कादंबरीचा कणा असतो. त्यातून प्रेम वजा केले, तर कारागिराला गप्प बसण्याचे कारणच उरत नाही. तो पहिल्याच जबानीत सगळे सांगेल आणि कादंबरी पन्नासाव्या पानावर संपेल.

हा पेच लेखकाने कल्पनेतून रचलेला नाही, हे पटण्यासाठी त्या काळचा इंग्लंडचा कायदा थोडा माहीत असावा लागतो. पुरुषांमधील संभोगासाठी तिथे १८६१ पर्यंत फाशीची शिक्षा होती. या कायद्याखालची शेवटची फाशी नोव्हेंबर १८३५ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ या दोघांना झाली. त्यांच्याविरुद्धचा पुरावा काय होता? ज्या भाड्याच्या खोलीत ते भेटले, तिच्या घरमालकाने आणि त्याच्या बायकोने किल्लीच्या भोकातून आत पाहिले होते. पुढे फाशी गेली, पण १८८५ साली फौजदारी कायद्यात एक नवे कलम आले, ज्याने पुरुषांमधले कोणतेही ‘घोर असभ्य वर्तन’, मग ते चार भिंतींच्या आड का असेना, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरवले. असभ्य म्हणजे नेमके काय, हे कलमात सांगितलेच नव्हते. ही संदिग्धता खंडणीखोरांच्या इतकी पथ्यावर पडली, की त्या कलमाला पुढे ‘खंडणीखोरांची सनद’ असेच म्हटले जाऊ लागले. शिक्षा फाशीपेक्षा सौम्य झाली आणि धोका मात्र अधिक रोजचा झाला, ही गोष्ट १८९०च्या कादंबरीचा वाचक म्हणून सतत मनात असू द्यावी.

मग प्रकरणे उघडकीस कशी येत? जुलै १८८९ मध्ये लंडनच्या मध्यवर्ती तारघरात चोरी झाली. चौकशीत तारा पोचवणाऱ्या एका पोऱ्याजवळ त्याच्या पगाराच्या मानाने फारच जास्त पैसे सापडले. पैसे चोरीचे नाहीत, हे सांगताना त्याला ते कुठून आले, हेही सांगावे लागले. त्यातून क्लीव्हलंड स्ट्रीटवरचे एक घर, म्हणजे पुरुषांकडे जाणाऱ्या पुरुषांसाठीचे वेश्यागृह, उजेडात आले, आणि तिथे येणाऱ्यांत बडे लोक निघाले. घराशी संबंधित खालच्या थरातल्या माणसांना सक्तमजुरी झाली. तिथे जाणारा लॉर्ड आर्थर सॉमरसेट मात्र परदेशी निघून गेला आणि त्याच्यावर खटला उभा राहिला नाही. तपास चोरीचा आणि उकल भलत्याच गुपिताची, असा हा खराखुरा मामला आहे. तुमच्या कादंबरीच्या लेखकाने तो वाचला असणार, अशी माझी अटकळ आहे. सहा वर्षांनी नामवंत लेखक ऑस्कर वाइल्डचा खटला झाला. वाइल्डचा प्रियकर लॉर्ड आल्फ्रेड डग्लस याने एका तरुणाला आपले जुने कपडे दिले होते. त्यांच्या खिशात वाइल्डची पत्रे राहून गेली होती, आणि त्यांच्या बळावर वाइल्डकडून पैसे उकळण्याचे प्रयत्न झाले. कोर्टात सॅव्हॉय हॉटेलच्या नोकरवर्गाने खोलीबद्दल साक्षी दिल्या. २५ मे १८९५ रोजी त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी सुनावली गेली. किल्लीचे भोक, पोऱ्याच्या खिशातले पैसे, जुन्या कोटातले पत्र, चादरी बदलणारी बाई: पुरावे हे असे होते. पिस्तूल आणि विषाची बाटली यांची सवय झालेल्या वाचकाला असल्या वस्तू दिसतच नाहीत, आणि म्हणून त्याला वाटते, की काहीच घडत नाही.

आता तुम्ही ज्या प्रसंगाची खास तक्रार केली आहे, तोच घेऊ. कारकून छापखान्यात जातो, नकाशाचा ओला कागद पाहायला वाकतो, त्याच्या सदऱ्याच्या बाहीला शाई लागते आणि कारागीर ती रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसून देतो. ‘बाही पुसण्यावर दोन पाने खर्ची घातली आहेत’ असे तुम्ही लिहिले आहे. ही दोन पाने पुन्हा काढा. कारागीर बाही पुसताना कारकुनाचे मनगट धरतो, हे पहिल्या वाचनात कळतेच. तेवढ्यावर थांबणारा वाचक म्हणेल, की हा प्रेमप्रसंग आहे आणि फारच लांबवला आहे. पण छपाईची शाई तेलाची असते, ती पूर्ण जात नाही. बाहीवर पुसट निळा डाग राहतो, असे लेखकाने परिच्छेदाच्या शेवटी, एका उपवाक्यात, टाकून दिले आहे. कारकून भाड्याच्या खोलीत राहतो. त्याचे कपडे घरमालकीण धुवायला टाकते. तो छापखान्यात गेला तेव्हा दिवे लागले होते, म्हणजे कचेरीची वेळ संपलेली होती. आणि साहेबाला दिलेल्या अहवालात त्याने ही भेट नोंदवलेलीच नाही, हे तुम्हीच कळवलेल्या गोषवाऱ्यावरून दिसते. तेव्हा त्या दोन पानांच्या शेवटी तीन जणांच्या माहितीत फरक पडलेला आहे. कारागिराला कळले आहे, की हा माणूस हात मागे घेत नाही. कारकुनाला कळले आहे, की आपण अहवालात खोटे लिहिणार आहोत. आणि घरमालकिणीच्या हाती एक डाग आला आहे, ज्याचा अर्थ तिला अजून ठाऊक नाही. पुढे कोणीतरी तिला तो विचारणार. रहस्यकथेच्या हिशेबात हा पुरावा आहे आणि प्रेमकथेच्या हिशेबात पहिला स्पर्श, वस्तू एकच. घाईने वाचणाऱ्याच्या हातून दोन्ही निसटतात.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. पुस्तक ग्रंथालयाचे असेल तर त्यात पेन्सिलीने खुणा करू नका (हे सांगावे लागते, कारण आमच्याकडे परत येणाऱ्या पुस्तकांची अवस्था मी पाहते). एक चिठ्ठी पानांत ठेवा आणि प्रत्येक प्रकरण संपल्यावर तिच्यावर एवढेच लिहा, की या प्रकरणात कोणाला नवे काय कळले आणि ते त्याने कोणापासून लपवले. घटना लिहू नका. ज्या प्रकरणानंतर लिहिण्यासारखे खरोखरच काही नसेल, ते प्रकरण कमकुवत आहे, असे मग खुशाल म्हणा. संथ कादंबरी आणि कंटाळवाणी कादंबरी यांतला फरक या चिठ्ठीवर लगेच उमटतो. मंद आचेवर ठेवलेले दूध आटत असते. विझलेल्या चुलीवरचे नुसते थंड होते, आणि लांबून दोन्ही पातेली सारखीच दिसतात.

वेगाबद्दल आणखी एक बाब आहे, जिच्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांचे सराईत वाचकही दुर्लक्ष करतात. जुना काळ म्हणजे सगळेच सावकाश, असे आपण धरून चालतो. पेशवाईतल्या कथानकाला ते लागू पडते. पुण्याहून मुंबईला निघालेला माणूस बोरघाट उतरून पनवेलला येणार, तिथे भरतीची वाट पाहणार आणि होडीने खाडीतून पुढे जाणार. निरोपाच्या दोन टोकांमध्ये दिवस जातात आणि लेखकाला थरार बांधायला ते दिवस आयते मिळतात. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला, पुढच्या काही वर्षांत तारायंत्र सर्वांसाठी खुले झाले, आणि कथाकारांच्या हातचे ते दिवस निसटू लागले. १८९०च्या लंडनमध्ये तर टपाल दिवसातून अनेकदा वाटले जाई. सकाळी टाकलेल्या पत्राचे उत्तर संध्याकाळच्या आत येऊ शकत होते. तुमच्या कादंबरीतले दोघे एकाच शहरात, तासाभराच्या अंतरावर राहतात आणि तरीही तीन-तीन आठवडे एकमेकांना ओळ लिहीत नाहीत. हा विलंब अंतराचा नाही, भीतीचा आहे. पत्र पोचायला काही तास लागतात, पण ते लिहिलेले राहते, खिशात राहते, दुसऱ्याच्या हाती पडते. ज्या पानांवर पत्र जात नाही, ती पाने अशा कादंबरीत सर्वांत भरलेली असतात.

लपवलेले बोलणे कसे चालते, याचे एक उदाहरण लंडनला न जाता आपल्या ठाण्यातच सापडते. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या १८१५ मधल्या खुनाच्या आरोपावरून पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, कैदेत ठेवले होते. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा होता, कारण देशी शिपाई फितूर होतील अशी धास्ती होती. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी निसटले. नंतर या भागात येऊन गेलेल्या बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूने ऐकून लिहून ठेवलेली हकिगत अशी, की एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पदरी राहिलेला मराठी मोतद्दार कैद्याच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणे म्हणत असे, आणि घोडे कुठे उभे आहेत, माणसे कुठे दबा धरून आहेत, हे सगळे त्या गाण्यात सांगितलेले असे. पहारेकरी ते रोज ऐकत होते. त्यांना मराठी येत नव्हते, एवढाच काय तो पडदा.

इथे प्रेमकथा नाही आणि मी ती शोधतही नाही. पण आडून बोलण्याची ही रीत नीट पाहिली, तर तुमच्या कादंबरीतले संवाद वाचायची दृष्टी येते. कारकून आणि कारागीर नकाशांबद्दल बोलतात: कुठला किनारा चुकीचा आखला आहे, कुठे पाणी उथळ आहे, कुठे दिवा नाही. टेबलाशी बसलेला छापखान्याचा मालक हे सारे ऐकतो आणि त्याला त्यात वावगे काही दिसत नाही. अशा संवादाचा दोन माणसांसाठी एक अर्थ आणि तिसऱ्यासाठी दुसरा असतो, आणि तिसरा माणूस खोलीत आहे की नाही, याकडे लक्ष ठेवल्याशिवाय तो कळत नाही. मी तर हस्तलिखित वाचताना प्रत्येक संवादाआधी आपणच विचारते, की दार उघडे आहे की लावलेले? ज्या लेखकाला याचे भान नाही, त्याची पात्रे उघड्या दारासमोर मन मोकळे करतात, आणि मग ते पुस्तक कितीही सुंदर लिहिलेले असले, तरी त्यातली भीती खोटी पडते.

इतिहासाच्या विश्वासार्हतेकडे आता येते. रस्त्यांची नावे, गॅसचे दिवे, टोप्यांचे आकार हे तपासत बसू नका. ते हल्ली कोणालाही बिनचूक साधते. पात्रे स्वतःकडे कशी पाहतात, ते पाहा. १८९० साली लंडनचा साधा कारकून जर आपल्या ‘ओळखी’बद्दल आणि ‘हक्का’बद्दल आजच्या कार्यकर्त्याच्या भाषेत बोलू लागला, तर लेखकाने आपले मत त्याच्या तोंडी घातले आहे. ऑक्सफर्डला शिकलेला माणूस त्या काळी ग्रीक ग्रंथांचे दाखले देऊन स्वतःच्या प्रेमाला काहीतरी परंपरा दाखवू शकत असे. कारकुनाकडे ना ते ग्रंथ, ना ती भाषा. त्याच्याजवळ बायबल आहे, वर्तमानपत्रातल्या खटल्यांच्या बातम्या आहेत आणि स्वतःचा अनुभव आहे, जो त्या दोन्हींशी जुळत नाही. हे न जुळणे लेखकाला दाखवता आले, तर ती कादंबरी इतिहासाशी प्रामाणिक आहे असे मी म्हणेन.

याच्या उलटी चूकही तितकीच ढोबळ असते. त्या काळातला प्रत्येक समलिंगी माणूस अहोरात्र अपराधी भावनेने पोळत होता आणि त्याचा शेवट मरणातच होत होता, हे चित्र एकेकाळच्या प्रकाशनव्यवहाराने तयार केले आहे. एका नामवंत इंग्रज कादंबरीकाराने १९१३-१४ मध्ये लिहिलेली, दोन पुरुषांना शेवटी एकत्र ठेवणारी कादंबरी त्याच्या हयातीत छापलीच गेली नाही. ती १९७१ साली, त्याच्या मृत्यूनंतर, बाहेर आली. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधले खासगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून गेले ते १९६७ मध्ये. म्हणजे सुखाचा शेवट लिहिता येत नव्हता असे नाही. तो छापणे धोक्याचे होते. तेव्हा तुमच्या पुस्तकात ते दोघे शेवटी वाचले, तर ‘हे त्या काळी शक्यच नव्हते’ असे लगेच म्हणू नका. शक्य होते, फक्त पुरावा मागे न ठेवता जगलेल्या माणसांची नोंद दप्तरात सापडत नाही. दप्तरात सापडतात ती पकडली गेलेली माणसे.

आपल्याकडचा कायदाही याच काळातला होता, हे गटात सांगायला हरकत नाही, कारण ‘हे सगळे तिकडचे’ असा सूर बहुधा कोणीतरी लावतेच. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली आणि तिच्या ३७७व्या कलमाने निसर्गक्रमाविरुद्धच्या संभोगासाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. १८८४ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयापुढे खैराती नावाच्या व्यक्तीचे प्रकरण आले. पोलिसांची तिच्यावर आधीपासून नजर होती, स्त्रीवेशात गाताना तिला धरले होते, आणि खालच्या कोर्टाने दोषी ठरवले होते. उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण गुन्हा कधी, कुठे आणि कोणाबरोबर घडला, हे आरोपात कुठेच नव्हते. पाळत भरपूर आणि हाती काहीच नाही! मराठीत किंवा हिंदीत कोणाला अशी कादंबरी लिहायची असेल, तर साहित्य इथेच पडलेले आहे. हे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू राहणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ६ सप्टेंबर २०१८ रोजी. वाचक म्हणून आपण त्या तारखेच्या अलीकडे आहोत आणि पात्रे पलीकडे. त्यांना हे माहीत नाही, की कायदा कधीतरी बदलणार आहे, आणि या अज्ञानासकट त्यांच्या निर्णयांकडे पाहिले पाहिजे.

तुमच्या गटाने पुढे कधी दोन स्त्रियांची अशी कादंबरी घेतली, तर मात्र वाचनाचा रोख बदलावा लागेल. इंग्लंडमध्ये १८८५चे ते कलम स्त्रियांना लागू नव्हते, त्यामुळे तिथे पोलीस नसतात. भय असते ते बाप, भाऊ, नवरा आणि मालमत्तेचे. यॉर्कशरच्या ॲन लिस्टर या जमीनदार स्त्रीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या रोजनिशीतला मोठा भाग ग्रीक अक्षरे आणि बीजगणिताची चिन्हे मिसळून केलेल्या सांकेतिक लिपीत लिहिला. तिच्या घराण्यातल्या जॉन लिस्टरने एका मित्राच्या मदतीने त्या शतकाच्या अखेरीस ती लिपी सोडवली. आत स्त्रियांवरच्या प्रेमाच्या हकिगती निघाल्या. मित्राने वह्या जाळायचा सल्ला दिला. जॉनने त्या जाळल्या नाहीत, भिंतीच्या लाकडी तक्त्यांमागे ठेवून दिल्या, म्हणून आज त्या वाचता येतात. तिथे सगळा थरार कुलपाचा आणि वारसाहक्काचा आहे.

व्यवहाराचे दोन शब्द. असे पुस्तक ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने, एका हातात मोबाइल धरून, स्टेशनागणिक तुकड्यातुकड्याने वाचू नका. त्यासाठी दुसरी पुष्कळ पुस्तके आहेत. एका बैठकीत एक पूर्ण प्रकरण, आणि प्रकरण लांब असेल तर सुट्टीच्या दिवशी. शेवट इंटरनेटवर आधी वाचून ठेवण्याचा मोहही टाळा, निदान पहिल्या वाचनात, कारण आग कोणी लावली हे कळले, की बाहीवरच्या डागाकडे लक्ष जात नाही. दोनशे पानांपर्यंत चिठ्ठीवर नवे काही उमटेनासे झाले, तर मात्र पुस्तक निःशंकपणे परत करा. विषय महत्त्वाचा आहे, एवढ्यासाठी वाईट कादंबरी पुरी करण्याचे बंधन कोणावर नाही, आणि समलिंगी प्रेमाची कादंबरी म्हणून तिला सवलतीचे गुण देणे हाही एक प्रकारचा कमीपणाच आहे.

पुढच्या बैठकीत फॅशनचा वाद पुन्हा उकरू नका. गटात असा कोणी असू शकतो, ज्याच्यासाठी हा विषय पुस्तकापुरता नाही आणि ज्याने तसे कोणाला सांगितलेले नाही. बोलताना एवढे भान पुरे. ज्येष्ठ सभासदांना त्यांचीच कसोटी छापखान्याच्या त्या प्रकरणाला लावायला सांगा: कारकुनाच्या जागी केवळ कर्तव्यदक्ष, मनात काही नसलेला तपासनीस ठेवा, बाकी सगळे तसेच राहू द्या, आणि मग पाहा, की तो ती भेट अहवालातून का गाळेल. त्यांचे उत्तर काय येते, ते कळवलेत तर मला आवडेल.